टाकी फुल्ल केली की केबिनमध्ये पेट्रोलचा वास

छोटा पेट्रोल पिकअप, बीएस-४, इंजेक्शनचा. टाकी गच्च भरली की दोन दिवस वास येतो, अर्ध्यावर आली की जातो. खाली थेंब पडत नाही. आधी काय तपासू?

उत्तर १
फुल्ल टाकीवरच वास येतोय, म्हणजे गळती टाकीच्या वरच्या अंगाला आहे. फिलरची (पेट्रोल भरायच्या तोंडाची) रबरी नळी आणि शेजारचा, टाकीतली हवा बाहेर सोडणारा बारीक ब्रीदर पाइप क्लिपजवळ हाताने वाकवून बघा. सरळ असताना न दिसणाऱ्या भेगा वाकवल्यावर उघडतात. मग टाकीवरच्या इंधन पंपाच्या झाकणाभोवतीची धूळ पाहा; ओलसर, काळपट कडं दिसलं तर सील गेलंय. झाकण उघडलं की सील नवीनच टाका. जुनं पेट्रोलने फुगलेलं असतं, खाचेत परत नीट बसत नाही. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला न मानवणारं जुनं रबर लवकर खराब होतं, तेव्हा नळीही त्याला चालणारीच घ्या.

उत्तर २
पेट्रोल पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर पुन्हा भरता का? तसं केलं की पेट्रोल कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे टाकीची वाफ शोषणाऱ्या डब्यात शिरतं. डबा काढून हलवा. आत डुचमळलं तर बदलायलाच हवा. कॅनिस्टरमधली वाफ इंजिनकडे सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हचा वायरचा कनेक्टर काढून व्हॉल्व्हमध्ये फुंका, हवा आरपार जाता कामा नये.

उत्तर ३
काम मोकळ्या जागेत करा, गॅरेजच्या खड्ड्यावर अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तिथेच साचते. इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि त्यानंतरच पाइपला हात लावा.