जपायचं ते आतलंही

"दर्शनी भिंत आणि कमानी जपा, आतलं सगळं नवं करा" हे जुन्या अंधशाळांच्या इमारतींबद्दल कुणीतरी मांडलेलं मत मला अजिबात पटत नाही. अंधशाळेची इमारत मुलं आतूनच ओळखतात. इथे नागपुरात एका जुन्या शाळेतल्या मुलांसाठी मी परीक्षेत लेखनिक म्हणून जायचे. जिन्याच्या लाकडी कठड्याची झीज हाताला लागली की मजला कळायचा. शहाबादी फरशी संपून ओसरी लागली की पावलांचा आवाज बदलायचा, तिथे मुलं बरोबर वळायची. पुढे टाइल्स आल्या, फॉल्स सीलिंग आलं. छत खाली आल्यावर खोल्या तापू लागल्या, मग दिवसभर कूलर, आणि त्या घरघरीत पावलं ऐकूच येईनात. रोजच्या वाटेवर भिंत चाचपत चालणारी ती मुलं बघून पोटात कालवायचं.

अशा इमारतींना कसला इतिहास, असंही कुणीतरी लिहिलंय. पॅरिसची अंधशाळा दमट, कोंदट जागेतून १८४३ साली नव्या इमारतीत गेली. २२ फेब्रुवारी १८४४ला तिच्या उद्घाटनात लुई ब्रेलच्या लिपीचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. १८५२मध्ये ब्रेल तिथेच वारले. शाळा आजही त्याच इमारतीत भरते.