यूसीचा अर्ज: आधी ट्रान्सक्रिप्ट, मग निबंध

विषय: बारावीतल्या मुलांचा यूसीचा अर्ज (आणि मंडळाचं सर्टिफिकेट)

नमस्कार मंडळी,

मुलगी यंदा बारावीला आहे. यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा) अर्ज ऑगस्टमध्येच उघडून ठेवलाय, पण गाडी पुढे सरकत नाही. ती रोज निबंधांच्या प्रश्नांपाशी बसते, चार ओळी लिहिते आणि खोडते. बाकीचे रकाने कोरेच आहेत. आम्ही दोघंही भारतात शिकलो, त्यामुळे तिला काय सांगावं तेच कळत नाही. सुरुवात कुठून करायची?

दुसरं म्हणजे, तिने हायस्कूलभर गणेशोत्सवात आणि मराठी शाळेत काम केलंय. त्याचं सर्टिफिकेट आपल्या मराठी मंडळाकडून मिळेल का? अर्जाला जोडावं म्हणते.

– बारावीतल्या मुलीची आई

---

उत्तर: बारावीतल्या मुलांचा यूसीचा अर्ज

ताई, नमस्कार.

सर्टिफिकेटचं आधी सांगते, कारण दर वर्षी हाच प्रश्न येतो. यूसीच्या अर्जाला काहीही जोडायचं नसतं. सर्टिफिकेट नको, शिफारसपत्र नको, आत्ता ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेची अधिकृत गुणपत्रिका, तीसुद्धा नको. मूल जे लिहील ते खरं मानून निर्णय होतो. नंतर काही अर्जदारांकडे एखाद्या नोंदीचा पुरावा मागतात. तशी वेळ आली तर मंडळ जरूर पत्र देईल.

पण सगळी भिस्त लिहिलेल्यावर असल्यामुळेच मी प्रत्येक मुलाला सांगते, निबंध बाजूला ठेव आणि आधी शाळेच्या ऑफिसमधून ट्रान्सक्रिप्टची प्रत आण. ती शेजारी ठेवून ‘अकॅडेमिक हिस्टरी’चा भाग ओळीने भरायचा. नववीपासूनचा प्रत्येक विषय, प्रत्येक सेमिस्टरची ग्रेड, जशी छापली आहे तशीच. आठवणीतून एकही नाही. सातवी-आठवीत हायस्कूलच्या पातळीचं गणित किंवा परभाषा झाली असेल तर तीही इथेच विचारतात. चालू वर्षाचे विषय ‘चालू’ किंवा ‘नियोजित’ म्हणून दाखवायचे. प्रवेश मिळाला तरी तो सशर्त असतो. अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत पोचवावी लागते आणि ती अर्जाशी जुळली नाही तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. या भागाला एक अख्खी शनिवारची दुपार द्या.

हमखास राहतो तो उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये केलेला कोर्स. ते कॉलेज वेगळी शाळा म्हणून अर्जात घालावं लागतं, तिथली ग्रेड चांगली असो वा वाईट.

हे भरता भरता ‘ए-जी’ची, म्हणजे यूसीला हायस्कूलमध्ये लागणाऱ्या विषयांच्या गटांची, बेरीजही होते. एकूण १५ वार्षिक विषय, त्यातले ११ अकरावीच्या शेवटापर्यंत, प्रत्येकात निदान सी. कॅलिफोर्नियातल्या मुलांना या विषयांत किमान ३.० जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो. तो दहावी-अकरावीच्या ग्रेडवरून काढतात, पण नववीच्या ग्रेडही त्यांना दिसतात. काही कमी पडत असेल तर शाळेच्या काउन्सेलरला आत्ताच गाठा, नोव्हेंबरात त्यांच्या दाराशी रांग असते.

त्यानंतर ‘अ‍ॅक्टिव्हिटीज अँड अवॉर्ड्स’. जास्तीत जास्त २० नोंदी. प्रत्येक कामाला आठवड्याला किती तास आणि वर्षातून किती आठवडे, हे विचारतात. गणेशोत्सवाची तयारी वर्षभर चालत नाही, तेव्हा सहा आठवडे असतील तर सहाच लिहायचे. वर्णनाला ३५० अक्षरं मिळतात, शब्द नव्हेत. तिथे ‘मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांत उत्साहाने सहभाग’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. तुमच्या लेकीला मी पाहिलंय. लहान मुलांच्या नाटुकल्यात ती विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करायची. एक चिमुरडा स्टेजवर रडायला लागला तर त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याची वाक्यं त्याच्याकडून हळूहळू म्हणवून घेतली. नाटक झाल्यावर हॉलमधल्या खुर्च्या गोळा करायला थांबली. हे लिहायला सांगा. गणेशोत्सव म्हणजे काय ते अर्ध्या वाक्यात, मंडळाचं नाव पूर्ण, आद्याक्षरं नकोत. मराठी शाळेत ती जे शिकली ते एका नोंदीत आणि लहानांना जे शिकवलं ते दुसऱ्या नोंदीत, स्वयंसेवेखाली.

निबंध सगळ्यात शेवटी. आठांपैकी चार प्रश्न, प्रत्येकी कमाल ३५० शब्द. आठही प्रश्नांना सारखंच वजन आहे. कामांची यादी एकदा लिहून झाली की कुठल्या प्रश्नाला आपल्याकडे खरं उत्तर आहे ते मुलांना आपोआप दिसतं. म्हणून हा क्रम. निबंध म्हटलं तरी इथे अलंकारिक सुरुवात, सुविचार वगैरे काही लागत नाही. प्रश्न विचारलाय, त्याचं सरळ उत्तर हवंय: मी काय केलं, का केलं, त्यातून काय बदललं.

आणि ताई, कीबोर्ड तिच्याच हातात राहू द्या. तुम्ही शेजारी बसून ट्रान्सक्रिप्टवरच्या ग्रेड वाचून दाखवा, ती मोठीच मदत आहे. उत्तरं मात्र तिचीच हवीत. दुसऱ्याचा मजकूर उचललाय का, हे यूसी तपासते.

– मराठी शाळेतली ताई

---

उत्तर: बारावीतल्या मुलांचा यूसीचा अर्ज

ताईंनी फार छान लिहिलंय. माझे तीन प्रश्न. आम्ही अजून एच-१/एच-४ वर (नोकरीच्या आणि त्यावरच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहोत, मुलाला राज्याबाहेरचा विद्यार्थी धरतील का? तो नववी पुण्यात शिकलाय, ते गुण ए-बी-सीमध्ये कसे बदलायचे? आणि एसएटीचं (कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचं) काय करायचं?

– दहावीत इथे आलेल्या मुलाचा बाबा

---

उत्तर: बारावीतल्या मुलांचा यूसीचा अर्ज

दादा, पुण्याचे गुण अजिबात बदलू नका. शाळा भारतातली म्हणून नोंदवायची आणि गुणपत्रिकेवर जे आहे तेच टाकायचं. टक्के असतील तर टक्के. हिशोब त्यांचा ते करतात.

एसएटी प्रवेश ठरवताना पाहिलीच जात नाही. एसएटी आणि तशीच दुसरी परीक्षा एसीटी यांची अट स्थगित करण्याचा ठराव यूसीच्या रीजंट्सनी (नियामक मंडळाने) मे २०२० मध्ये केला, आणि आता ते गुण निवडीत धरतच नाहीत. इतर राज्यांतली विद्यापीठं किंवा खासगी कॉलेजं यादीत असतील तर त्यांचे नियम वेगळे, ते तिथे बघा.

एच-४ असलं म्हणून कॅलिफोर्नियाचं रहिवासीपण नाकारलं जात नाही. एच-१ आणि एच-४ वाल्यांना फीच्या कामासाठी रहिवासी ठरता येतं. मुलगा १८ च्या आतला असेल तर सर्वसाधारणपणे आईवडिलांचं रहिवासीपण बघतात. अर्जात याबद्दल थोडेच प्रश्न असतात, ते व्हिसा आहे तसा लिहून भरा. खरी तपासणी प्रवेश स्वीकारल्यावर, रहिवासाच्या स्वतंत्र फॉर्मवर होते. त्यासाठी कॅलिफोर्नियाचे टॅक्स रिटर्न, घरभाड्याचे करार, लायसन्स आत्तापासून एका फाइलमध्ये ठेवा. बाहेरचा विद्यार्थी ठरला तर वर्षाला ३० हजार डॉलर्सहून अधिक जादा फी पडते, तेव्हा ही फाइल हलक्यात घेऊ नका. एच-४ वर एफएएफएसएची (केंद्र सरकारची) आर्थिक मदत मात्र मिळत नाही, आणि अर्जाची फीही नागरिक व ग्रीनकार्डवाल्यांना कॅम्पसमागे ८० डॉलर्स, तर व्हिसावाल्यांना ९५.

अर्ज एकच असतो, कॅम्पस नऊ. बर्कलीपासून मर्सेडपर्यंत हवे तेवढे निवडा. तुम्ही आणखी कुठे अर्ज केलाय हे कुठल्याच कॅम्पसला दिसत नाही, त्यामुळे मर्सेड किंवा रिव्हरसाइड टाकल्याने कुठेही वजन कमी होत नाही. मेजर (मुख्य विषय) मात्र प्रत्येक कॅम्पससाठी वेगळं विचार करून निवडा. कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगमध्ये नंतर शिरू म्हणून दुसरं काही भरलं तर काही कॅम्पसवर ती वाट जवळपास बंद असते.

– मराठी शाळेतली ताई

---

उत्तर: बारावीतल्या मुलांचा यूसीचा अर्ज

ताई, ट्रान्सक्रिप्ट आणली. अकॅडेमिक हिस्टरी पूर्ण झाली, आणि उन्हाळ्यातला कम्युनिटी कॉलेजचा कोर्स खरंच राहिला होता, तो घातला. आता एकच विचारते. लवकर सबमिट केलं तर फायदा होतो का?

– बारावीतल्या मुलीची आई

---

उत्तर: बारावीतल्या मुलांचा यूसीचा अर्ज

फायदा नाही. १ ऑक्टोबरपासून सबमिट करता येतं. मुदत ३० नोव्हेंबरची, शनिवार-रविवार आला तर पुढे सरकते, तेवढं साइटवर बघून घ्या. पण थँक्सगिव्हिंगच्या आधी उरकाच, शेवटच्या रात्री साइट मंदावते. सबमिट केल्यावर निबंध बदलता येत नाहीत. त्यामुळे आदल्या दिवशी तिला पूर्ण अर्ज मोठ्याने वाचायला लावा. नंतर बारावीचा एखादा विषय सोडला किंवा डी आला तर ते यूसीला स्वतःहून कळवावं लागतं.

गणेशोत्सवाच्या कामाचे तास लागणार असतील तर स्वयंसेवकांची हजेरीची वही माझ्याकडे आहे. रविवारी शाळा सुटल्यावर मुलांना पाठवा.

– मराठी शाळेतली ताई