बैलगाडा, रेसकोर्स, बोकडबळी: माप एकच लावायचं की माणूस बघून?

पाऊलवाट
बैलगाडा शर्यतीला माझा विरोध आहे आणि कायदा आज माझ्या बाजूने नाही, हे मला माहीत आहे. तरी धागा काढतेय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. २०११ साली केंद्राने बैलाला अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या यादीत घातलं. शिकवून ज्यांचे खेळ करायला कायद्याने मनाई आहे, अशा प्राण्यांची ती यादी. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यात जल्लीकट्टू (तमिळनाडूतला बैलाला कवटाळून धरायचा खेळ) आणि बैलगाडा दोन्हींना मनाई केली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूच्या बाजूने गर्दी उसळली, तमिळनाडूने कायदा बदलला आणि त्याच वर्षी कर्नाटकने आणि आपणही बदलला. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या शर्यतींना मोकळीक मिळाली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

या सगळ्यात बैल काही बदलला नाही. बैलाची ठेवण घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, असं २०१४ च्या निकालात म्हटलं होतं. २०२३ मध्ये म्हटलं गेलं की दुरुस्तीमुळे यातना बऱ्याच कमी होतात, आणि ही परंपरा आहे की नाही ते विधिमंडळाने ठरवावं. निकाल मान्य. पण घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीशी, उभं राहून बघा. बैलाला निशाण कळत नाही, सेकंद कळत नाहीत. मागचा गोंगाट, आसूड आणि पिरगाळलेली शेपूट यांच्यापासून तो लांब पळत असतो. घाबरलेल्या जनावराच्या पळण्याला आपण मर्दानी खेळ म्हणतो.

कोण करतंय, कुठल्या देवासाठी करतंय, किती पैशांसाठी करतंय हे मी विचारत नाही. जनावराच्या अंगावर काय होतंय तेवढं विचारते. बोकडबळी असो, रेसकोर्सचा घोडा असो की ट्रकमध्ये कोंबलेल्या म्हशी असोत, माप तेच.

घाटाचा_राजा
आलं का पुन्हा सुरू. मॅडम, खोंड किती दिवसांचा झाल्यावर वेसण घालतात ते तरी ठाऊक आहे का? आमच्याकडे शर्यतीचा बैल म्हणजे घरातलं माणूस. पेंड, दूध, अंडी, तेलाची मालिश, उन्हाळ्यात रोज पोहणी. घरात आधी त्याचं बघितलं जातं, मग आमच्या पोरांचं. आणि तुम्ही आम्हाला क्रूर म्हणता.

मधली बंदीची वर्षं आठवा. खिल्लार जातीच्या खोंडाला बाजारात कुणी विचारत नव्हतं. नांगराला ट्रॅक्टर आला, मोटेची गरज केव्हाच संपली. २०१५ पासून राज्यात बैल कापायलाही बंदी आहे. मग ज्या बैलाला काम नाही, शर्यत नाही आणि जो विकताही येत नाही, तो पोसायचा कुणी? तुम्ही? खिल्लार आज शिल्लक आहे ती शर्यतीमुळे. ती बंद करा, वीस वर्षांनी हा बैल चित्रात दाखवाल.

आणि नियम आहेत की. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नियम मोडला तर तीन वर्षं कैद किंवा पाच लाख दंड. अजून काय पाहिजे?

तिरकस_पंत
मला तर बक्षिसांची मौज वाटते. बैल वाचवायला शर्यत, आणि पहिल्या नंबराला ट्रॅक्टर.

घाटाचा_राजा
हसा. पण पंत, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर टोपीवाले बसतात तेव्हा तुमचा विनोद कुठे जातो? तिथे घोड्याला चाबूक बसतो तो काय मोरपिसाचा असतो? १९९६ साली याच सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ म्हणून जुगारातून बाहेर काढली. घोडा त्या यादीत कधी आलाच नाही. बैल आला. का? कारण बैलाचा मालक धोतरवाला आहे.

पाऊलवाट
हा मुद्दा खरा आहे, आणि मी तो टाळणार नाही. प्राण्यांविषयीचा कळवळा आपल्याकडे खालच्या बाजूला जास्त वाहतो. दरवेशाचं अस्वल सोडवलं, माकडवाल्याचं माकड सोडवलं, ते बरंच झालं. पण रेसकोर्सच्या फाटकाशी सगळ्यांचे पाय अडखळतात. घोड्याच्या पायाचं हाड मोडलं की बहुतेक वेळा त्याला मारावंच लागतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तेव्हा घोड्यालाही तेच माप.

पण यातून 'म्हणून बैलालाही पळवू द्या' हे कसं निघतं, ते सांगा. शेजारच्याने केलेला अन्याय हा आपल्याला मिळालेला परवाना होतो का?

खुराडं
मी जनावरांचा डॉक्टर आहे, नाव देत नाही. दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचणारं लिहितो.

घोडा भरपूर घामतो, त्यामुळे पळताना तापलेलं अंग त्याला निववता येतं. बैल त्या मानाने फार कमी घामतो, धापा टाकून उष्णता बाहेर काढतो. बारी (गाड्याची एक धाव) झाल्यावर तोंड उघडं, जीभ बाहेर, तोंडातून लाळेच्या तारा असा बैल दिसला की तो 'जोशात' नसतो, तापलेला असतो. आणि आपल्या बऱ्याच यात्रा चैत्र-वैशाखात, भर उन्हात. शेपटीत मणके असतात. ती पिरगाळली, चावली की सांधा निखळतो. अशा गाठी पडलेल्या शेपट्या मी हाताने चाचपल्या आहेत. वर टोचणी आणि खिळे. नियमात यातलं काहीच चालत नाही. पण बैल तंदुरुस्त असल्याचा दाखला सकाळी तपासून मिळतो आणि आसूड दुपारी निघतो.

आता दुसरी बाजू. शर्यतीचा बैल इतर वेळी खरोखर उत्तम ठेवलेला असतो. गोठ्यात गुडघाभर शेणात उभ्या असलेल्या जर्सीच्या गोऱ्ह्यापेक्षा कितीतरी बरा. आणि त्या गोऱ्ह्याचं पुढे काय होतं, यावर धागा निघत नाही, कारण त्याच्या आईचं दूध आपल्या सगळ्यांच्या चहात असतं.

सरळसोट
सगळं ठीक. हिंदूंच्या यात्रेवर लिहिताना बरीच हिंमत येते. ईदवर लिहून दाखवा की.

पाऊलवाट
लिहिते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा वाचा, कलम २८. कुठल्याही समाजाच्या धर्माला आवश्यक असलेल्या पद्धतीने प्राणी मारला तर तो या कायद्याखाली गुन्हा नाही. 'कुठल्याही' म्हणजे ईदचा बकरा त्यात आला, तसा नवरात्रातला बोकडही आला. मला ते कलम सगळ्यांसाठीच नको आहे. युरोपात याच प्रश्नावर, कापण्याआधी जनावराला बेशुद्ध करणं सक्तीचं करता येईल का यावर, वाद झाला. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितलं की सदस्य देशाला तशी सक्ती करता येते. ज्यू आणि मुस्लिम दोन्ही संघटना त्याविरुद्ध होत्या. तशी सक्ती इथे आली तर माझा पाठिंबा, आणि ती देवीच्या पायरीवरही लागू हवी.

हिंमतीचं म्हणाल तर ती गाडगेबाबांकडे होती. देवाला बोकड कापू नका, हे ते जत्रेतल्याच माणसांना, जत्रेतच उभं राहून सांगत. आपण आपापल्या खोलीत बसून टंकतो.

नवसाचा_बोकड
आमच्या घराण्यात देवीला बोकड असतो, म्हणून बोलतो. बोकड वर्षभर दारात असतो. त्याला नाव असतं. एका घावात मान उतरते आणि त्या दिवशी अख्ख्या वाडीत चूल पेटते. ज्याच्या घरी महिनोन् महिने मटण शिजत नाही त्याच्याही घरी. आता तुमची कोंबडी बघा. सहा आठवड्यांत फुगवलेली, स्वतःच्या वजनाने पाय वाकलेले, उलटी टांगून दुचाकीवरून आणलेली. तिला ना नाव, ना देव. तिथे तुमचं कलम २८ लागत नाही, तरी कुणावर खटला झालेला ऐकलाय? आमचा बळी उघड्यावर दिसतो एवढाच आमचा गुन्हा.

पाऊलवाट
तुमच्या बोकडाचं आयुष्य त्या कोंबडीपेक्षा चांगलं, हे शंभर टक्के मान्य. दुचाकीला उलटी टांगलेली कोंबडी मात्र आजच्या कायद्यातही गुन्हाच आहे, कलम ११. गंमत दंडात आहे: पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. कित्येक दशकं झाली, अजून तोच. कत्तलखान्यांच्या २००१ च्या नियमांत तर एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही असंही लिहिलं आहे. कुठल्याही मटणाच्या दुकानामागे जाऊन बघा.

एक सांगा मात्र. बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडतात, तो अंग झटकतो, मग 'देवीने कौल दिला' म्हणतात. बोकडाने झटकलं नाही तर सोडून देता का? पुन्हा शिंपडता.

नवसाचा_बोकड
पुन्हा शिंपडतो. बरोबर. पण श्रद्धेचे हिशेब असे बाहेरून मांडू नयेत.

कोल्हापुरी_तडका
आमच्या कोल्हापूरकडच्या नांदणीच्या जैन मठातल्या महादेवी हत्तिणीला कुणी विसरू नका. २०२५ च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशाने ती मठातून गुजरातला, अंबानींच्या 'वनतारा'त नेली तेव्हा माणसं रस्त्यावर रडत होती. ती माया खोटी होती म्हणणार?

खुराडं
माया खरी होती. तिच्या पायांचे आणि नखांचे आजार, तिचं एकटेपण ही न्यायालयासमोर आलेली कारणंही खरी होती. हत्ती कळपात राहणारा प्राणी आहे. आपली माया मोजून जनावराचं दुखणं ठरवता येत नाही. आणि तिला नेणारे धनाढ्य होते, म्हणून लोकांना संशय आला, तोही समजण्यासारखा आहे.

घाटाचा_राजा
विषय हत्तीवर गेला, बैलावर या. माझा सर्जा आसुडाशिवाय पळतो. विश्वास नसेल तर या बघायला.

पाऊलवाट
मग आसूड घरी ठेवून जा.

घाटाचा_राजा
ठेवीन. पण माझ्या आधी जो गाडा सुटला त्याने नाही ठेवला तर? दोन सेकंदांत फळी, म्हणजे नंबराचा गट, जाते, मॅडम. वर्षभराचा खुराक, गावात नाव, सगळं त्या दोन सेकंदांवर. मी एकटा साधू होऊन काय उपयोग?

खुराडं
तेव्हा झडती गाडे जुंपतात त्या जागी घ्यावी लागेल. तिथे पंच उभा करा, आसूड-टोचणी सापडली तर बारीच बाद. बारी संपल्यावर पुन्हा बैल तपासा, ताप मोजा, शेपूट चाचपा; नुसता सकाळचा दाखला नको. दंडाला कुणी भीत नाही, सेकंद रद्द होण्याला सगळे भितात. पाऊलवाटताईंना हे पुरेसं वाटणार नाही, कारण बैल तरीही पळणारच.

पाऊलवाट
नाही वाटत पुरेसं. पण येत्या हंगामात पंच उभा राहणार असेल, तर परवानगीच्या अर्जाला जोडायचा मसुदा मी लिहून देते. राजे, तुमच्या गावच्या यात्रा समितीपासून सुरुवात करता येईल का?

घाटाचा_राजा
समितीत माझा चुलता आहे. तो शिव्या घालेल. मसुदा पाठवा, मराठीत पाठवा.