दोघांचं नाटक आणि एकाचंच नामांकन: हेलन शेनवर अन्याय झालाच

पेटीवाली, रामबाग (इंदूर)
९ जून २०२५, सोमवार. पहाटे साडेपाचपासून मी फोन घेऊन बसले होते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा रविवारची रात्र आणि टोनी पुरस्कारांचा सोहळा, म्हणजे ब्रॉडवेच्या नाटकांचा सगळ्यात मोठा मान. ‘मेबी हॅपी एंडिंग’ला सहा टोनी मिळाले. सर्वोत्कृष्ट संगीत नाटक तेच ठरलं आणि डॅरेन क्रिस सर्वोत्कृष्ट अभिनेता. घरात सगळे झोपलेले, म्हणून टाळ्या मनातच वाजवल्या. पण १ मेला नामांकनं जाहीर झाली तेव्हापासून जे डाचत होतं, ते त्या पहाटेही गेलं नाही. नाटकाला नामांकनं दहा, आणि त्यात नायिकेचं, क्लेअरचं काम करणाऱ्या हेलन जे. शेनचं नाव नाही.

गोष्ट सोल शहरातली. मालकांनी सोडून दिलेले दोन मदतनीस रोबो समोरासमोरच्या खोल्यांत राहतात. क्लेअरचा चार्जर बिघडतो म्हणून ती ऑलिव्हरचं दार वाजवते. पुढे दोघं मिळून काजवे बघायला जेजू बेटावर जातात. सगळ्या नाटकात कलाकार चारच आणि भार या दोघांवर.

डिसेंबरात लेकाकडे गेले होते तेव्हा बेलास्को थिएटरमध्ये मी हा प्रयोग पाहिला. ऑलिव्हर जुन्या मॉडेलचा, त्यामुळे त्याच्या चालण्यात, मान वळवण्यात यंत्र दिसतं. क्रिसनं ते सुंदर केलंय, आणि ते शेवटच्या रांगेतूनही दिसतं. क्लेअर नव्या मॉडेलची, जवळजवळ माणूसच. तिला यंत्र दाखवायचंही नाही आणि पुरतं लपवायचंही नाही. माझ्या जागेवरून मला तिचे खांदे आणि हात तेवढे नीट दिसत होते, आणि तेवढ्यावरून कळत होतं की हिच्यातली शक्ती संपत चाललीय. अवघड काम तिचं होतं. ती समोर नसती तर क्रिसचं काम उभं राहिलं असतं का?

तिसरी रांग
ताई, तुमची तळमळ कळते, पण पटत नाही. अभिनेत्रींच्या यादीत जागा पाच होत्या. ‘जिप्सी’ची ऑड्रा मॅकडोनल्ड, ‘सनसेट बुलेव्हार्ड’ची निकोल शेर्झिंगर, ‘बूप’ची जास्मिन एमी रॉजर्स, आणि ‘डेथ बिकम्स हर’मधल्या दोघी, मेगन हिल्टी आणि जेनिफर सिमार्ड. यातली कोणाला घरी पाठवायचं ते आधी सांगा. ‘हिचं नाव हवं होतं’ म्हणणं सोपं आहे, ‘हिचं नको होतं’ म्हणायला कोणी तयार होत नाही. शेनचा ब्रॉडवेवरचा हा पहिलाच प्रवेश. काम चांगलं होतं, पण त्या वर्षीच्या पाच जणींत बसण्याइतकं नव्हतं, असं समितीला वाटलं असेल तर त्याला अन्याय कसं म्हणायचं? त्याच वर्षी ‘रेडवुड’साठी इडिना मेंझेललाही नामांकन मिळालं नाही, आणि तिचं नाव केवढं मोठं.

पेटीवाली, रामबाग
माझी बाजू तुम्हीच मांडलीत. एका नाटकातल्या दोघींना एकाच यादीत घेता येतं, हे ‘डेथ बिकम्स हर’नं दाखवलं ना? मग जोडीचं काम जोडीनं बघायचं हे समितीला कळतं. इथे जोडीतला एक पुरुष आणि एक बाई, म्हणून याद्या वेगळ्या झाल्या आणि जोडी फुटली. शिवाय त्याच वर्षी अभिनेत्यांच्या यादीत नावं सहा होती, अभिनेत्रींच्या यादीत पाच.

जुना प्रेक्षक, लोकमान्य नगर
हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. खाडिलकरांचं नाटक, भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. एरवी दोघांच्या कंपन्या वेगळ्या, चाहते वेगळे, आणि त्या रात्री दोघं एकाच रंगमंचावर. त्या प्रयोगाची आठवण निघाली की आपल्याकडे आजही दोन्ही नावं एका दमात येतात. केशवराव तर पुढच्या तीन महिन्यांतच गेले. त्या रात्री कोणी एकालाच नामांकन दिलं असतं, तर ती रात्र कोणाला कळलीच नाही असं मी म्हटलं असतं.

अलीकडचं ‘संगीत देवबाभळी’ घ्या. आवली आणि रखुमाई, दोघींचंच नाटक. आवलीच्या पायात काटा रुततो, विठ्ठल तो काढतो आणि रखुमाई तिची सेवा करायला येते. सेवा करणारीचे हात बघायचे आणि जिच्या पायात काटा तिचा चेहरा सोडून द्यायचा, असं बघता येईल का? पेटीवाली ताईंचं म्हणणं मला सोळा आणे मान्य आहे.

तबल्याचा ठेका
काका, मानापमानाची आठवण काढलीत, बरं वाटलं. पण त्या वेळचे श्रोते दोघांना तोलतच होते. ‘वन्स मोअर’ कोणाच्या पदाला किती मिळाले यावर लोक भांडत होते. बक्षीस नसलं तरी तुलना होतीच.

मला वाटतं तुम्ही सगळे चुकीच्या ठिकाणी अश्रू ढाळताय. खरी हळहळ ऑड्राची. सहा टोनी मिळवलेली, अभिनयाच्या चारही विभागांत जिंकलेली नटी. ब्रॉडवेवर ‘जिप्सी’ची रोझ करणारी ती पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री. आणि टोनी निकोलला! ‘सनसेट’मध्ये रंगमंच जवळजवळ रिकामा, कॅमेरा चेहऱ्यावर आणि चेहरा भल्या मोठ्या पडद्यावर. पडद्यावर एवढा मोठा चेहरा दिसला की डोळ्यात पाणी कोणाच्याही येईल. नाटकाचा नट पडद्याविना पोचला पाहिजे. रोझच्या भूमिकेला हे पहिल्यांदाच झालेलं नाही. मूळची रोझ एथेल मर्मन, तिलाही १९६० साली टोनी मिळाला नाही.

कोरसमधली
ठेकेवाले दादा, कॅमेरा समोर असताना खोटं करणं जास्त अवघड असतं. भुवई नको तिथे हलली तरी पकडली जाते. निकोलचा आवाज, तो चेहरा आणि ते रिकामं स्टेज, हे सगळं एका बाईनं पेललं. तिला पुरस्कार मिळाला यात गैर काहीच नाही. उलट तिनं नुसतं गाऊन नेलं असं जे बोललं जातं, त्याचा मला राग येतो.

कारण हे मी स्वतः सोसलंय. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका स्पर्धेत आम्ही संगीत नाटक केलं. माझ्या वाट्याला पाच पदं आणि शेवटचा मोठा प्रवेश. त्या प्रवेशात मी पदाची दुसरी ओळ मुद्दाम अर्धी सोडत असे. त्या बाईचा आवाज तिथे फुटायला हवा होता. दिग्दर्शकांनी ती जागा तीन आठवडे बसवून घेतली होती. निकालात मला गायनाचं प्रमाणपत्र, आणि अभिनयाचं बक्षीस अशा मुलाला ज्याला एकही पद नव्हतं. परीक्षक मला म्हणाले, ‘गळा छान आहे, ती एक ओळ तेवढी विसरलात.’ गाताना केलेला अभिनय अभिनयात मोजतच नाहीत, हे त्या दिवशी कळलं. शेनच्या बाबतीतही मला तेच दिसतं. गोड गायली म्हणून काम सोपं वाटलं.

तिसरी रांग
कोरसमधली ताई, तुमच्या परीक्षकांनी चूक केली, यात वादच नाही. पण एक तत्त्वाची गोष्ट. १९९६ साली ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’साठी ज्यूली अँड्र्यूजला नामांकन मिळालं. बाकीच्या सहकाऱ्यांना डावललं म्हणून तिनं ते नाकारलं. लोक अजून वाहवा करतात. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. नामांकन म्हणजे हजेरी नाही की सगळ्यांची लागली पाहिजे. कोणीतरी बाहेर राहणारच, म्हणून तर आत असण्याला किंमत.

जुना प्रेक्षक, लोकमान्य नगर
ज्यूलीबाईंनी केलं ते योग्यच होतं. आपल्याकडे कंपनी म्हणजे एक घर असे. घरात एकालाच ताट वाढलं तर तो जेवत नसे.

पेटीवाली, रामबाग
तिसरी रांग, तुम्ही नाव विचारलंत, तर सांगते. सिमार्ड. विनोदाची जागा तिची अचूक असते, पण त्या भूमिकेत तिला कुठे थांबावं लागत नाही. शेन नुसती उभी असतानाही मी तिच्याकडे बघत होते. दोघांनी आपापल्या आठवणी पुसायचं ठरवल्यावर शेवटी ती पुन्हा त्याच्या दारात येते, पहिल्यांदा आली होती तशीच, चार्जर मागायला. तेच दार, तेच वाजवणं. पण मी खुर्चीत पुढे सरकून तिच्या चेहऱ्यावर शोधत होते की हिला काही आठवतंय का. शेजारची अनोळखी बाईही तशीच पुढे सरकली होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि परत स्टेजकडे. हे काम पाचांत बसत नसेल तर मला त्या पाचाचा हिशोबच मान्य नाही.

तिसरी रांग
काल रात्री खंडवा रोडवरून ‘सानंद’ या इथल्या मराठी संस्थेचं नाटक बघून परतलो आणि तुमच्यासाठी ‘मेबी हॅपी एंडिंग’चा अल्बम पहिल्यापासून पुन्हा ऐकला. दिवा बंद करून, कानाला लावून. तुम्ही म्हणता तो शेवट दोनदा ऐकला. ती दारात पहिलं वाक्य बोलते त्याआधी श्वास घेते, तो मला आधी कधी ऐकू आला नव्हता. मान्य, ते मोठं काम आहे. सिमार्डला मात्र मी हलवणार नाही. काढायचंच झालं तर रॉजर्सचं नाव काढेन, आणि तेही मला जड जाईल.