मदत हवी आहे: बिडी सोडल्यावर हिरड्यांतून रक्त येतंय. प्रतिकारशक्ती वाढवायची की कमी करायची?

रानजाई:
नमस्कार मंडळी. प्रश्न बाबांचा आहे. वय ६३, एसटीत ड्रायव्हर होते, आता गावी कोरेगाव तालुक्यात असतात.

गेल्या दिवाळीत बाबांनी बिडी सोडली. पस्तीस वर्षांची सवय. आम्हाला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. पण महिना-सव्वा महिन्यात दात घासताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसायला लागलं. आता भाकरीचा कडक पापुद्रा तोडला तरी घासावर लाल ठसा उमटतो. खालचे पुढचे दोन दात जिभेनं ढकलले की हलतात. बाबांचं एकच म्हणणं, "बिडी होती तोवर थेंबभर रक्त आलं नाही. तिनंच दात धरून ठेवले होते." बोलताना हात खिशाकडे जातो, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो.

तालुक्याला दाताच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी खुणा केलेली बारीक सळई प्रत्येक दाताच्या कडेनं हिरडीत घातली आणि ती किती मिलिमीटर खोल गेली त्याचे आकडे सांगितले, मदतनीस मुलीनं ते लिहून घेतले: चार, पाच, सात, पाच... एक्सरेत हाड खाली गेलेलं दिसलं. पायोरिया आहे, आधी स्केलिंग, मग भूल देऊन आतून साफ करू, असं म्हणाले. निघताना म्हणाले, "जंतूंपेक्षा शरीरच हाड खातं, प्रतिकारशक्तीचंच काम आहे हे." बाहेर रांग लागलेली, पुढे काही विचारता आलं नाही.

तेव्हापासून घरात दोन पक्ष झालेत. काका प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा घेऊन आले. बहीण म्हणते, तीच हाड खात असेल तर वाढवायची कशाला? एका लॅबवाल्यानं प्रतिपिंडांची (अँटीबॉडीची) तपासणी करा असं सुचवलंय. बाबांना शुगर आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.४. प्रतिपिंड आपले की परके, हेच मला कळेनासं झालंय. कृपया कुणीतरी नीट समजावून सांगा.

शेवंता:
रानजाई, मी डेंटल कॉलेजात हिरड्यांच्या विभागात शिकवते. आधी बिडीचं सांगते, कारण मला खरी भीती त्याचीच वाटते. धुरामुळे हिरड्यांमधल्या बारीक रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद दबलेला असतो. आत रोग वाढत असतो, पण सूज आणि रक्त या धोक्याच्या खुणा दिसत नाहीत. तंबाखू ओढणाऱ्यांच्या रक्तात आयजीजी२ हा प्रतिपिंडाचा प्रकारही कमी आढळतो. धूम्रपान सोडल्यावर चार-सहा आठवड्यांत रक्त येणं वाढतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. बाबांच्या बाबतीत दिवससुद्धा जुळतात. त्यांना सांगा, हाड या सव्वा महिन्यात गेलेलं नाही, ते आधीच्या कित्येक वर्षांत गेलं. हिरड्या आता कुठे बोलायला लागल्यात.

आता प्रतिपिंड. दात आणि हिरडी यांच्यामध्ये बारीक फट असते. निरोगी तोंडातही तिच्यातून रक्तातला द्राव झिरपत असतो. त्यात आयजीजी प्रतिपिंड असतात, कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी असतात. लाळेत आयजीए हा दुसरा प्रतिपिंड असतो. प्रतिपिंड जंतूला चिकटतात, कॉम्प्लिमेंटचं सी३ त्यावर खूण करतं आणि न्यूट्रोफिल त्याला गिळतात. ही राखण चोवीस तास चालू असते, म्हणून तर आपले दात टिकतात.

बिघाड होतो तो कीटण हिरडीच्या खाली उतरल्यावर. तिथे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस नावाचा एक जंतू असतो. तो जिंजिपेन नावाची विकरं (एन्झाइम) सोडतो, आणि ती आपले आयजीजी आणि सी३ कापून टाकतात. कॉम्प्लिमेंटचंच सी५ मात्र असं तोडतात की त्याचा सी५ए हा तुकडा सुटा होतो आणि आणखी पेशींना बोलावतो. म्हणजे सूज वाढत राहते आणि जंतू जिवंत राहतो. तुमच्याकडे ऊस आहे म्हणून असं सांगते: रानडुकरं उसात दडून बसली आणि राखणदारांनी मशाली घेऊन रात्रभर धुंडाळलं, तर डुकरं राहतात आणि फड पेटतो.

फड पेटतो म्हणजे काय? न्यूट्रोफिलमधून एमएमपी-८ हे विकर सुटतं, ते हिरडीतले कोलॅजनचे धागे तोडतं. इंटरल्यूकिन-१ बीटासारखी प्रथिनं सूज पेटती ठेवतात. जुन्या सुजेत प्रतिपिंड बनवणाऱ्या बी पेशींची गर्दी होते, आणि त्याच पेशी रँकएल नावाचं प्रथिनही सोडतात. हाड विरघळवणाऱ्या पेशी त्यानं जाग्या होतात. प्रतिपिंड स्वतः हाड खात नाहीत, पण ते बनवणाऱ्या पेशी या नुकसानीत सामील असतात. डॉक्टरांच्या वाक्याचा अर्थ इतकाच.

दगडूशेठचा_शेजारी:
शेवंताताई, मग बहिणीचं काय चुकलं? दाबूनच टाकावी की प्रतिकारशक्ती.

शेवंता:
नाही दादा. काही मुलांना जन्मतःच असा आजार असतो की न्यूट्रोफिल रक्तातून बाहेर हिरडीपर्यंत पोचूच शकत नाहीत. त्यांचे दात कोवळ्या वयातच हलून पडतात. राखण काढून घेतली तरी हाड जातंच. काढ्यानं ती वाढवूनही दाताखालचं कीटण निघत नाही. फक्त एमएमपीला आवर घालण्यासाठी २० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदा देतात, त्या मात्रेत ते जंतू मारत नाही. पण तेसुद्धा साफसफाईच्या जोडीनं आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तरच.

शरीराचा वाटा किती मोठा असतो, ते श्रीलंकेत दिसलं. चहाच्या मळ्यांतल्या ४८० कामगारांचे दात १९७० पासून १९८५ पर्यंत तपासत राहिले. दातांची निगा कुणीच राखत नव्हतं, कीटण सगळ्यांनाच होतं. तरीही सुमारे ८ टक्के लोकांचा रोग झपाट्यानं वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीनं, आणि ११ टक्क्यांचा हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. बाबा कोणत्या गटातले ते बदलता येत नाही. बिडी आणि शुगर या दोन गोष्टी मात्र हातात आहेत. शुगर जास्त असली की सूज भडकते. उलट हिरड्यांवर नीट उपचार केले तर एचबीए१सी तीन-चार महिन्यांत सरासरी सुमारे ०.४ नं कमी होतं.

लॅबच्या तपासणीवर पैसे घालवू नका. या जंतूविरुद्धचे प्रतिपिंड निरोगी माणसातही सापडतात, त्यावरून उपचार ठरत नाहीत. सळईचे आकडे आणि एक्सरे पुरेसे आहेत. ७ आकडा असलेल्या जागी पुढे छोटी शस्त्रक्रिया लागू शकते, तशी मनाची तयारी ठेवा.

मोगरा७:
माझ्या सासऱ्यांचं हेच झालं होतं. एक सांगते, कीटण निघालं की दातांत फटी दिसतात आणि माणूस म्हणतो, साफ केल्यानं दात हलले. कीटणानं भरलेली जागा रिकामी होते, म्हणून तसं वाटतं. बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या वेळी जाणार नाहीत.

रानजाई:
मोगरा, तुझे उपकार. काल पहिलं स्केलिंग झालं. डॉक्टरांनी ट्रेमधले काळपट खडे दाखवले, ज्वारीच्या दाण्याएवढे. बाबा बराच वेळ बघत बसले. मग विचारलं, "हे माझ्या तोंडातलं?" संध्याकाळी फटीत जीभ घालून पाहत होते, पण मी आधीच सांगितलेलं असल्यामुळे बोलले नाहीत. शेवंताताई, बिडीबद्दलचा तुमचा पहिला परिच्छेद त्यांना दोनदा वाचून दाखवला. काकांचा काढा फडताळात गेला.

आता एकच विचारायचंय. मंगळवारी भूल देऊन आतून साफ करणार आहेत. शुगरच्या माणसानं उपाशी जायचं की जेवून?

शेवंता:
जेवून. रोजच्या गोळ्या रोजच्या वेळेला घेऊ द्या आणि शक्यतो सकाळची वेळ मागून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.