फिरत्या डीजेसाठी पॉवर्ड स्पीकर : १२ इंची की १५ इंची?

तालवेडा (प्रश्न) :
गेली दोन वर्षे मी लहान समारंभांसाठी डीजेचे काम करतो आहे आणि आतापर्यंत प्रत्येक वेळी स्पीकर भाड्यानेच आणले. आता स्वतःची जोडी घ्यायची आहे. बहुतेक कार्यक्रम शंभर-दीडशे माणसांचे आणि बंद हॉलमधले असतात. एखादा उघड्यावर होतो. सामान छोट्या गाडीत मावले पाहिजे, आणि मदतीला कोणी नसल्यामुळे चढवणे-उतरवणे मला एकट्यालाच करावे लागते. अॅम्प्लिफायर आतच असलेले (पॉवर्ड) स्पीकर घ्यायचे हे ठरले आहे, पण १२ इंची घ्यावेत की १५ इंची, हे ठरत नाही. २००० वॅटच्या स्पीकरचा आवाज १००० वॅटच्या दुप्पट असतो का? आणि सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर) लगेच घ्यावा लागेल का?

जुना वायरमन :
खोक्यावर छापलेले वॅट बहुधा ‘पीक’ असतात, म्हणजे क्षणभरापुरते. सलग मिळणारी शक्ती त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. शिवाय बाकी सारे तसेच ठेवून शक्ती दुप्पट केली तरी पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. म्हणून वॅट सोडून ‘मॅक्सिमम एसपीएल’चा, म्हणजे स्पीकर जास्तीत जास्त किती मोठा वाजतो त्याचा डेसिबलमधला आकडा पाहावा. इलेक्ट्रो-व्हॉइसच्या झेडएलएक्स-१२पी या स्पीकरला १००० वॅट आणि १२६ डेसिबल असे आकडे दिलेले आहेत, तर यामाहाच्या डीएक्सआर१२ला ११०० वॅट आणि १३२ डेसिबल. वॅट जवळजवळ सारखे असूनही कागदावर ६ डेसिबलचा फरक आहे. (मोजण्याची पद्धत प्रत्येक कंपनीची आपापली असते, तेव्हा या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये.)

हा आकडा १ मीटरवरचा असतो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे १२६चे १६ मीटरवर १०२ उरतात, आणि तेही पीक. सरासरी त्याहून बरीच खाली असते. हॉलमध्ये भिंतींवरून परतणारा आवाज ही घट भरून काढतो, त्यामुळे हॉलमध्ये पुरेशी वाटलेली जोडी मैदानात केविलवाणी वाटते.

माझ्या पहिल्या जोडीच्या मागे ‘लिमिट’चा, म्हणजे स्पीकर मर्यादेला पोचल्याचा, एक लहान दिवा होता. कार्यक्रम रंगला तेव्हा तो आधी ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला लुकलुकत होता, मग तसाच पेटून राहिला. आवाज वाढेना, आणि ठोका फळीवर थाप मारल्यासारखा चपटा होत गेला. तो दिवा अधूनमधून लुकलुकला तर चालते, पण सतत पेटत असेल तर स्पीकर त्या कामाला अपुरा आहे असे समजावे. आणखी एक गोष्ट : आवाज कंट्रोलरच्या (गाणी मिसळण्याच्या डीजे यंत्राच्या) मीटरमध्येच लाल पट्ट्यात जाऊन फाटत असेल, तर स्पीकरचा लिमिटर (आवाज मर्यादेत रोखणारे सर्किट) तो दुरुस्त करू शकत नाही.

खर्जप्रेमी :
माझे मत १२ इंची जोडी आणि त्याखाली एक सब. १५ इंची टॉप (सबच्या वरचा मुख्य स्पीकर) घेतला तरी खर्ज फारसा खाली उतरत नाही; माहितीपत्रकात ‘४५ हर्ट्झपर्यंत’ असे लिहिलेले असले तरी तो बहुधा १० डेसिबल घसरणीचा आकडा असतो, म्हणजे तिथे आवाज १० डेसिबलने पडलेला असतो, त्यामुळे ३ डेसिबलचा आकडा दिला आहे का ते शोधावे. उलट मोठा कोन (आवाज काढणारा शंकूसारखा पडदा; इंच त्याचेच) वरच्या स्वरांत अरुंद झोत टाकू लागतो, आणि हॉर्नने (तीव्र स्वरांच्या भोंग्याने) काम हाती घेण्याआधीच्या त्या पट्ट्यात निवेदकाचे शब्द बाजूला बसलेल्यांना गढूळ ऐकू येतात. सबने साधारण १०० हर्ट्झखालचे काम उचलले की टॉप मोकळा होतो आणि तोच स्पीकर अधिक स्वच्छ वाजतो, मात्र टॉपवरचा हाय-पास (खालचे स्वर गाळणारा फिल्टर) चालू करायला विसरू नये. सब जमिनीवर, भिंतीलगत ठेवावा. पुढे दुसरा घेतलात तर दोन टोकांना न ठेवता दोन्ही शेजारी ठेवा, नाहीतर नाचणाऱ्यांपैकी काहींना खर्जाचा मारा आणि काहींना शून्य, असे होते.

एकटा हमाल :
हे सगळे मान्य, पण प्रश्नकर्ता एकटा आहे हे वर कोणी मनावर घेतलेले दिसत नाही. १२ इंची स्पीकर साधारण १५ ते २० किलोंचा असतो, सब सहज ३० ते ४० किलोंचा. तो जिन्यावरून एकट्याने नेऊन पाहा, मग खर्जाबद्दल बोलू! हे शक्य नसेल तर चांगली १५ इंची जोडी ही वाईट तडजोड नाही. दुकानात आवाज ऐकण्याआधी स्पीकर उचलून खांद्याच्या उंचीवर ३५ मिलिमीटरच्या स्टँडवर बसवून पाहा. बाजूला आणि वर अशी दोन हँडल नसतील तर तोल जातो. स्टँड इतका उंच करा की हॉर्न लोकांच्या डोक्यांच्या वर राहील, नाहीतर पुढची रांगच सारे तीव्र स्वर अडवते.

वीजेची केबल अडकून बसणारी असावी. माझी साधी केबल एकदा कोणाच्या तरी पायाने ओढली गेली आणि अर्धा हॉल मुका झाला.

तालवेडा :
डिक्की मोजली. मागचे आसन पाडल्यावर दोन टॉप आणि एक १५ इंची सब मावतो, १८ इंची मावत नाही. तेव्हा आधी १२ इंची जोडी घेतो, आणि सब पहिले काही महिने गरज पडेल तेव्हा भाड्याने आणतो. एक शंका राहिली : माझ्या कंट्रोलरला फक्त आरसीए (घरगुती स्टीरिओसारखे लाल-पांढरे) आउटपुट आहे आणि लांब केबल लावली की गुणगुण येते. ब्लूटूथने जोडले तर ती टळेल का?

जुना वायरमन :
गुणगुण टळेल, पण मिक्सिंग जमणार नाही. ब्लूटूथवर आवाज सहसा १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि ठोक्यावर ठोका बसत नाही. पाहुणे जमेपर्यंत हळू संगीत लावून ठेवण्यापुरते ते ठीक आहे. कंट्रोलरजवळ ट्रान्सफॉर्मरवाला स्टीरिओ डीआय बॉक्स (साधा सिग्नल लांब केबलसाठी बॅलन्स्ड करणारी डबी) ठेवा आणि तिथून पुढे एक्सएलआर केबल (तीन पिनांची, माइकला असते तशी) न्या. डीआयमधून आवाज माइकच्या पातळीवर बाहेर पडतो, म्हणून त्याच्यासोबत स्पीकरचा स्विच ‘माइक’वर ठेवावा लागतो, एक्सएलआर आउटपुट असलेला मिक्सर थेट जोडाल त्या दिवशी तोच ‘लाइन’वर करा. गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.