मधुमेह असलेल्या वडिलांचे रोजे आणि घरातल्यांची तब्येत: मार्गदर्शन हवे आहे

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

आमचे तडवी कुटुंब यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला राहते. अब्बा साठीच्या आसपासचे असून त्यांना काही वर्षांपासून टाइप २ मधुमेह आणि रक्तदाब आहे. दोन वेळा मेटफॉर्मिन, सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबाची एक गोळी असा त्यांचा औषधांचा क्रम आहे. केळीची बाग ते स्वतःच पाहतात. मागच्या रमजानमध्ये दुपारनंतर केळीची पिले (बुंध्यालगतचे नवे कोंब) कापत असताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि बांधावर बसून राहावे लागले; तरीही त्यांनी रोजा सोडला नाही आणि त्या वेळी साखर मोजायला जवळ काही नव्हते. नंतर ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी ‘रोजे धरू नका’ एवढेच सांगितले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले.

अब्बांना ते पटलेले नाही. २०१८ आणि २०१९ साली रमजान ऐन मे महिन्यात होता, जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जात होता, रोजाही आताच्यापेक्षा दीड तासाने मोठा होता, आणि तरी आपला एकही रोजा चुकला नाही, असे ते म्हणतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत आता फेब्रुवारी-मार्चच्या सौम्य दिवसांत आला आहे, मग आताच अडचण कसली, हा त्यांचा प्रश्न आहे. उन्हाचा त्यांचा हिशेब बरोबर आहे, पण तेव्हा त्यांना ग्लिमेपिराइड सुरू झालेली नव्हती. आजारी माणसाने रोजे इतर दिवसांत पूर्ण करावेत ही सवलत कुराणातल्या सूरह अल-बकरात आहे हे त्यांना चांगले ठाऊक आहे. मात्र ती आपल्यासाठी आहे हे मान्य करणे त्यांना जड जाते. हयातभर रोजे धरलेल्या माणसाला घरच्यांनी ‘तुम्ही धरू नका’ म्हणणे किती लागते, हे मी जवळून पाहिले आहे.

दुसरी काळजी झोपेची आहे. तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) आटोपून घरी यायला दहा वाजतात. ज्या आठवड्यात शेतीची वीज रात्रपाळीला असते, त्या आठवड्यात अब्बा मध्यरात्री मोटार सुरू करायला मळ्यात जातात, ठिबकच्या नळ्या पाहतात, परत येऊन जेमतेम डोळा लागतो तोच सहरीची (पहाटेच्या जेवणाची) वेळ होते. सहरीला चहा आणि थोडा भात एवढेच पोटात जाते. दुपारपर्यंत डोके दुखते, चिडचिड होते, आणि कोणी विचारले तर ‘मला काही झालेले नाही’ असे उत्तर मिळते.

अम्मींचे हाल वेगळेच आहेत. त्या सर्वांच्या आधी उठतात, इफ्तारच्या वेळी सर्वांना वाढून मग एखादी खजूर तोंडात टाकतात आणि रात्री सर्वांच्या नंतर आडव्या होतात. त्यांना मधुमेह नाही, म्हणून त्यांच्या तब्येतीची चर्चाच होत नाही.

रोजे धरायचेच असतील तर औषधे, जेवण आणि शेतातले काम यांची आखणी कशी करावी, आणि कोणत्या क्षणी रोजा सोडलाच पाहिजे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

ताई, मी धुळ्यात मधुमेहाचे रुग्ण तपासते. तुम्ही लिहिलेली घाम आणि थरथर ही साखर उतरल्याची लक्षणे असण्याची शक्यता मोठी आहे, आणि क्रमात ग्लिमेपिराइड असल्यामुळे ते गांभीर्याने घ्यावे लागेल. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न नसले तरी तिचे काम चालूच राहते. मेटफॉर्मिनमुळे एकट्याने साखर सहसा एवढी उतरत नाही. म्हणून रमजानमध्ये बहुतेकदा ग्लिमेपिराइड इफ्तारच्या वेळी दिली जाते, गरजेप्रमाणे तिची मात्रा कमी केली जाते किंवा गोळीच बदलली जाते, आणि मेटफॉर्मिन इफ्तार व सहरी अशी विभागली जाते. हा बदल घरच्या घरी करू नका. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जाऊन मूत्रपिंडाची तपासणी आणि तीन महिन्यांची सरासरी साखर पाहून तो ठरवायचा असतो. रक्तदाबाची गोळी लघवीचे प्रमाण वाढवणारी आहे का, हेही त्याच वेळी विचारा, कारण तशी असेल तर शरीरातले पाणी कमी होण्याचा धोका वाढतो.

नुसते ‘धरू नका’ म्हणून भागत नाही, हे आम्हा डॉक्टरांनाही समजले पाहिजे. २००१ साली १३ देशांत झालेल्या मोठ्या पाहणीत टाइप २ च्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी किमान पंधरा रोजे धरल्याचे दिसले. त्याच पाहणीत साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग या रुग्णांत इतर महिन्यांच्या सुमारे साडेसात पट आढळले. माणसे रोजे धरणारच असतील, तर त्यांना मोजायला शिकवणे आमचे काम आहे.

ग्लुकोमीटर घ्या आणि तो मळ्यात सोबत ठेवा. बोटातून थेंबभर रक्त घेतल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. अब्बांना शंका असेल तर मौलाना साहेबांकडून त्यांच्या समोरच खात्री करून घ्या. सहरीआधी, दुपारी, इफ्तारच्या आधी, इफ्तारनंतर दोन तासांनी आणि जेव्हा केव्हा अस्वस्थ वाटेल तेव्हा साखर मोजावी. ती ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर इफ्तारला अर्धा तास उरला असला तरी रोजा सोडायचा. साखर उतरली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. चक्कर, बरळणे किंवा गुंगी असेल तर मोजण्याची वाट पाहू नका. आणि गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा.

जेवणाचे सांगायचे तर सहरी चुकवू नये आणि ती वेळ संपण्याच्या जवळ करावी. भातापेक्षा दादर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, घट्ट वरण, एखादे अंडे आणि दही हे अन्न अधिक वेळ पुरते. कळण्यात उडीद असल्यामुळे प्रथिनेही मिळतात. लोणचे आणि पापड सहरीला टाळा, तहान वाढते. इफ्तारला एक-दोन खजुरा आणि पाणी, मग मगरिबची नमाज, मग जेवण, असा क्रम उत्तम आहे. भजी, सरबत आणि पिकलेली केळी एकाच ताटात आली की साखर झपाट्याने चढते, आणि आपल्या भागात केळी तर घरचीच असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. पाणी इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडे थोडे प्यावे. सहरीला एकदम तांब्याभर प्यायल्याने ते दिवसभर पुरत नाही. दुपारची डोकेदुखी बऱ्याचदा चहा किंवा तंबाखू अचानक बंद झाल्याने होते, तेव्हा रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यापासूनच त्यांचे प्रमाण कमी करत आणावे.

प्रतिसाद २

मी चोपड्याची आहे. अम्मींबद्दल वाचून राहवले नाही. आमच्या घरी सहरीची डाळ आणि भाजी आता रात्रीच तयार होते, पीठ मळून ठेवले जाते, आणि भाकरी टाकण्यासाठी एक दिवस मी आणि एक दिवस माझा भाऊ उठतो. सासूबाईंना सहरीची वेळ संपण्याच्या फक्त अर्धा तास आधी उठवायचे, असा नियमच केला आहे. जोहरच्या (दुपारच्या) नमाजेनंतर त्यांनी थोडा वेळ झोपावे म्हणून त्या वेळी कोणी हाक मारत नाही. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते: पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, तरी घरातल्या मुली संकोचाने दिवसभर पाणीसुद्धा पीत नाहीत. त्यांच्यासाठी आतल्या खोलीत पाणी आणि जेवण झाकून ठेवा आणि तसे त्यांना सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघींचे मनापासून आभार. डॉक्टर ताईंचा प्रतिसाद मी अब्बांना वाचून दाखवला. ७० आणि ३०० हे आकडे त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहून घेतले. मनाई ऐकून ते जेवढे चिडले होते तेवढे ते आकडे ऐकून चिडले नाहीत. या आठवड्यात तपासण्या करून घेणार आहोत, आणि पिले कापण्याचे काम सकाळी नऊच्या आत उरकायचे किंवा मजुराकडे द्यायचे, हेही त्यांनी मान्य केले आहे.

आता प्रश्न उरला आहे तो रात्रीच्या विजेचा. मोबाईलवरून मोटार सुरू आणि बंद करणारा स्टार्टर कोणी बसवला असेल, तर कमी-जास्त दाबाच्या विजेवर तो नीट चालतो का, आणि रमजानपुरते शेजारच्या शेतकऱ्यांशी रात्रीच्या पाळ्या कोणी वाटून घेतल्या असतील तर पाण्याचा हिशेब कसा ठेवला, हे केळीवाल्यांनी जरूर लिहावे.